भीमेच्या पाण्याला साजेसा पंखा

सिद्धटेकच्या सिद्धिविनायकाला पुण्याकडून निघालेला यात्रेकरू पूर्वी दौंड तालुक्यातल्या शिरापूरला गाडीतून उतरायचा आणि होडीने भीमा ओलांडून देवळाकडे जायचा. पूल झाल्यावर ही वाट मागे पडली, पण भीमेवरच्या होड्या संपल्या नाहीत. १९८० साली उजनी धरण पूर्ण झाले आणि त्याचा फुगवटा इंदापूर तालुका ओलांडून दौंडच्या पूर्वेकडच्या गावांपर्यंत आला. एरवी उन्हाळ्यात रोडावणाऱ्या नदीच्या जागी नजर पोचेल तिथवर पाणी उभे राहिले. भिगवण, कुंभारगाव, डिकसळ ही नावे राज्यभरच्या पक्षीप्रेमींना तोंडपाठ झाली ती या पाण्यामुळे. हिवाळ्यात पट्टकदंब येतात. पाणी ओसरून चिखल उघडा पडू लागला, की रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. त्यांना पाहायला आलेल्या शहरी माणसांना पाण्यात नेणारा नावाडी बहुधा त्याच गावातला मच्छीमार असतो.

वर, शिरूरच्या अंगाला चित्र थोडे निराळे आहे. भीमा ही शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांची सीमा होऊन वाहते. तिच्यावरच्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांत फळ्या टाकल्या की मागे लांबट, खोल डोह तयार होतो. घोड नदीवर चिंचणीजवळ धरण आहे. या पाण्यांवर पर्यटकांची गर्दी नाही, पण होडी आहे, मासेमारी आहे आणि सुटीच्या दिवशी पाण्यात फेरी मारायची हौसही आहे.

यातल्या काही होड्या अजून वल्ह्यांवर आणि बांबूवर चालतात. काहींच्या मागच्या फळीवर लहान आउटबोर्ड मोटर बसलेली दिसते. ही पुस्तिका त्या मोटरच्या सगळ्यात खालच्या, पाण्यात बुडालेल्या भागाविषयी आहे. कंपन्यांच्या माहितीपत्रकांत त्याला प्रोपेलर म्हणतात, आपल्याकडचे नावाडी पंखा म्हणतात. पंखा तुटला, वाकला किंवा झिजून निकामी झाला, तर त्याच्या जागी कोणता आणायचा, एवढाच प्रश्न इथे घेतला आहे. प्रश्न लहान दिसतो. पण इंजिनाचे आयुष्य, पेट्रोलचा खर्च आणि वारा सुटल्यावर काठ गाठण्याची ताकद या तिन्ही गोष्टी त्याच्या उत्तरावर ठरतात.

नेहमीचे उत्तर ठरलेले आहे. जुना पंखा पिशवीत घालून पुण्याला किंवा मुंबईला जायचे आणि ‘असाच द्या’ म्हणायचे. जुना पंखा योग्य असेल, तर या उत्तरात काही चूक नाही. पण तो योग्य होता हे कोणी तपासलेले असते? मोटर नवी आली तेव्हा कारखान्याने एका सरासरी बोटीचा अंदाज धरून तो बसवलेला असतो. ती बोट हलकी असते, दोन-तीन माणसांची असते, समुद्रसपाटीवर चालते आणि पाण्याला पाठ टेकवून वेगाने घसरत जाते. कुंभारगावची होडी तशी नाही. तिच्यात सहा-आठ माणसे, त्यांचे कॅमेरे, नावाडी आणि पेट्रोलची टाकी असते. ती पाणी कापत जाते, पाण्यावर उचलली जात नाही. मोटर जुनी घेतलेली असेल, तर तिच्यावरचा पंखा आधीच्या मालकाने कुठल्या बोटीसाठी निवडला होता, याचाही पत्ता नसतो. म्हणून पंखा तुटल्याचा दिवस हा निवड पहिल्यांदा नीट करण्याचा दिवस आहे, असे या पुस्तिकेचे म्हणणे आहे.

निवडीची सुरुवात पंख्यावरच कोरलेल्या दोन आकड्यांपासून होते. पहिला आकडा व्यासाचा, दुसरा पिचचा, दोन्ही इंचांत. यामाहाच्या १५ अश्वशक्तीच्या वर्गातल्या मोटरवर ९¼ × ९¾ असे आकडे आणि पुढे ‘जे’ हे अक्षर दिसते. अक्षर हबची जात सांगते, म्हणजे तो पंखा कोणत्या मोटरच्या दांड्यावर बसेल ते. व्यास समजायला सोपा आहे: पात्यांची टोके फिरताना जे वर्तुळ काढतात त्याची रुंदी. पिच समजायला क्षणभर थांबावे लागते. लाकडात स्क्रू पिळला की एका फेऱ्यात तो ठरावीक अंतर आत जातो. पाणी लाकडासारखे घट्ट असते, तर पंखाही एका फेऱ्यात जितके इंच पुढे गेला असता, तितकी त्याची पिच.

आता हिशेब करून पाहू. इंजिन मिनिटाला ५५०० फेरे घेते आणि खालच्या गिअरचे प्रमाण २.०८ आहे असे धरले, तर पंखा मिनिटाला साधारण २६४४ वेळा फिरतो. पिच पावणेदहा इंच असेल, तर घट्ट पाण्यात तो तासाला ३९ किलोमीटर गेला असता. आठ इंच पिचचा पंखा त्याच फेऱ्यांत ३२ किलोमीटर गेला असता. पाणी घट्ट नसते, ते मागे सरकते. या घसरीला स्लिप म्हणतात. हलक्या, वेगवान बोटीत ती दहा ते वीस टक्क्यांच्या आसपास असते. भरलेल्या जड होडीत ती निम्म्याच्याही वर जाऊ शकते.

तिथे कारण इंजिनाचे नसते, होडीचे असते. पाणी कापत जाणाऱ्या होडीचा वेग तिच्या पाण्यातल्या लांबीने बांधलेला असतो. ढोबळ नियम असा: पाण्याला टेकलेली लांबी मीटरमध्ये घ्यावी, तिचे वर्गमूळ काढावे आणि साडेचारने गुणावे, येतो तो किलोमीटरमधला ताशी वेग. सहा मीटरच्या होडीला हे उत्तर अकराच्या आसपास येते. त्यापुढे ती स्वतःच उठवलेल्या लाटेच्या चढावर अडकते आणि पेट्रोल कितीही ओतले तरी वेग जेमतेम वाढतो. मग जिला अकरा किलोमीटरच्या पुढे जायचेच नाही, तिच्या मागे एकोणचाळीस किलोमीटरची पिच कशासाठी? अशी होडी मोठा व्यास आणि कमी पिच मागते. पंख्याने खूप पाणी हळू मागे ढकलावे. थोडे पाणी जोरात फेकून तिचे भागत नाही. बहुतेक मोठ्या कंपन्या अशा जड कामासाठी वेगळे पंखे बनवतात, पण ते मागावे लागतात. न मागता हातात पडतो तो वेगाचा.

उंचीचाही मुद्दा आहे, आणि किनाऱ्यावरचे विक्रेते तो सहसा सांगत नाहीत, कारण त्यांना त्याची गरज पडत नाही. उजनीची पूर्ण संचय पातळी समुद्रसपाटीपासून ४९६.८३ मीटर आहे. दौंड आणि शिरूर त्याहून वर. इतक्या उंचीवर हवा विरळ होते आणि साध्या इंजिनाची ताकद सुमारे पाच टक्क्यांनी घटते. एप्रिल-मेच्या गरम हवेत ती आणखी थोडी कमी होते. मुंबईच्या खाडीत जो पंखा इंजिनाला जेमतेम झेपतो, तो भिगवणला झेपत नाही.

झेपतो की नाही हे कानाने ठरवू नये. त्यासाठी एकच खात्रीचे साधन आहे: पूर्ण थ्रॉटलवर इंजिनाचे फेरे मोजणे. प्रत्येक मोटरच्या पुस्तकात पूर्ण थ्रॉटलला फेरे कोणत्या हद्दीत असावेत ते छापलेले असते. अनेक चार-स्ट्रोक मोटरींना ती हद्द ५००० ते ६००० असते. भरलेली होडी पूर्ण थ्रॉटलवर या हद्दीच्या वरच्या अर्ध्या भागात गेली, तर पंखा बरोबर. खाली राहिली, तर पिच जास्त आहे. हद्द ओलांडून इंजिन किंचाळू लागले, तर पिच कमी आहे. एक इंच पिच कमी केली की फेरे साधारण १५० ते २०० ने वाढतात, वाढवली की तितकेच उतरतात. म्हणजे ४६०० वर अडकलेल्या इंजिनाला निदान ५२०० वर आणायचे असेल, तर तीन-चार इंच कमी पिचचा पंखा शोधावा लागेल.

लहान मोटरींवर फेरे दाखवणारा काटा नसतो. पण स्पार्क प्लगच्या वायरीभोवती तार गुंडाळून चालणारा छोटा टॅकोमीटर मिळतो. तो एका गावात एक असला तरी पुरे. चाचणी मात्र प्रामाणिक हवी. रिकाम्या होडीत नावाडी एकटा बसून मोजेल, तर आकडा सुंदर येईल आणि रविवारी सकाळी आठ जण चढल्यावर खोटा ठरेल. माणसांच्या वजनाइतकी वाळूची पोती ठेवावीत, टाकी भरलेली असावी, वारा पडलेला असावा. एकदा प्रवाहाच्या दिशेने आणि एकदा उलट जाऊन दोन्ही आकडे लिहावेत. वेग मोबाइलच्या जीपीएसवर कळतो.

इंजिन हद्दीच्या खाली चालवणे हा या पाण्यावरचा सर्वांत महागडा आणि सर्वांत शांत अपराध आहे. शांत अशासाठी, की होडी चालते, आवाज खालच्या सुरातला येतो आणि ‘मशीन आरामात ओढतंय’ असे वाटते. प्रत्यक्षात ते आरामात नसते. थ्रॉटल पूर्ण उघडा आणि फेरे कमी, म्हणजे प्रत्येक स्फोटाचा दाब पिस्टनवर जास्त वेळ बसतो. काजळी धरते, तापमान चढते, बेअरिंगे झिजतात. दोन-तीन हंगामांनी इंजिन उघडावे लागते, तेव्हा दोष तेलाला किंवा पेट्रोलला दिला जातो आणि पंख्याकडे कोणी पाहत नाही.

स्क्रूच्या आकाराचा पंखा बोटीला लावण्याची कल्पना रुजली त्या काळातली एक हकिकत इथे सांगण्याजोगी आहे. मुंबईच्या गोदीत बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही वाफेची बोट १८३० साली सुएझकडे गेली, तेव्हा तिला पंखा नव्हता. बाजूला पाणी मारणारी चाके होती. १८३६ मध्ये फ्रान्सिस पेटिट स्मिथ या इंग्रज शेतकऱ्याने स्क्रूचे पेटंट घेतले. त्याच वर्षी स्वीडनच्या जॉन एरिक्सननेही वेगळ्या रचनेचे घेतले. स्मिथचा पहिला पंखा लाकडी होता आणि त्याला पूर्ण दोन वेढे होते. १८३७ मध्ये लंडनच्या पॅडिंग्टन कालव्यात चाचणी चालू असताना तो कशाला तरी धडकून अर्धा मोडला आणि बोट आधीपेक्षा वेगाने पळू लागली. स्मिथने पुढचे पंखे आखूड केले. आठ वर्षांनी ब्रिटिश नौदलाने पंख्याची ‘रॅटलर’ आणि चाकांची ‘अलेक्टो’ या दोन जहाजांना शेपटीला शेपूट बांधून एकमेकांविरुद्ध ओढायला लावले, तेव्हा ‘रॅटलर’ने ‘अलेक्टो’ला उलटे ओढत नेले.

पंखा कागदावर जितका कळतो त्याहून पाण्यात जास्त कळतो, हे तेव्हापासून खरे आहे. चार्ल्स पार्सन्ससारख्या मोठ्या अभियंत्यालाही ते चुकले नाही. त्याची ‘टर्बिनिया’ १८९४ मध्ये अपेक्षित वेग गाठीना, कारण एकाच दांड्यावरचा पंखा इतक्या जोरात फिरत होता, की पात्यांमागचा दाब उतरून पाण्याची वाफ होत होती. पार्सन्सने तीन दांडे आणि प्रत्येकावर तीन असे नऊ पंखे बसवले आणि १८९७ मध्ये त्या बोटीने ३४ नॉटचा वेग ओलांडला. पाण्याच्या या उकळण्याला कॅव्हिटेशन म्हणतात. वाफेचे ते बुडबुडे फुटताना धातू कुरतडतात. पात्यावर खड्डे पडतात.

उजनीच्या फुगवट्यावर ‘पंखा हवा खातो’ अशी तक्रार येते, तेव्हा मात्र कारण बहुधा दुसरेच असते. वरची हवा ओढली जाऊन पात्यांभोवती जमते, इंजिन एकाएकी सुसाट फिरते आणि होडी पुढे जात नाही. नवा पंखा घेण्याआधी होडीची मागची फळी मोजावी. आखूड पायाच्या मोटरीला सुमारे १५ इंच उंचीची फळी लागते, लांब पायाच्या मोटरीला २०. गावात बांधलेल्या फायबरच्या होडीत ही उंची अंदाजाने ठेवलेली असेल, तर पंख्याच्या वरची आडवी पट्टी होडीच्या बुडापेक्षा बरीच वर राहते आणि हवा आत येते. ती पट्टी बुडाच्या रेषेत किंवा किंचित खाली असली पाहिजे. फळी खाचून मोटर दोन इंच खाली घेण्याला फारसा खर्च येत नाही. या एका कारणापायी लोकांनी चांगले पंखे फेकून दुसरे आणले तर ते पैसे वाया जातात.

आता या पाण्याकडे यावे, कारण भीमा आणि घोड पंख्यांची जी परीक्षा घेतात ती समुद्र घेत नाही.

पहिली जलपर्णी. दक्षिण अमेरिकेतून आलेली ही वनस्पती सांडपाण्यातल्या नायट्रोजन-फॉस्फरसवर पोसते. मुळा-मुठेतून पुण्या-पिंपरीचे सांडपाणी भीमेत येते, त्यामुळे तिला खाद्य कमी पडत नाही. हिवाळ्यापासून बंधाऱ्यांमागे आणि फुगवट्यात तिचे हिरवे गालिचे दाटतात. पंखा त्यात शिरला की लांब मुळे हबभोवती गुंडाळतात आणि मोटर बंद पडते. पाणी आत घेणारी जाळी बुजली, तर बंद न पडताच ती तापते, हे जास्त वाईट. जलपर्णीत चालणाऱ्याने पात्यांची पुढची कड मागे वळलेला पंखा पाहावा. त्याच्या कडेवरून मुळे घसरून टोकाकडे जातात, हबला वेढा बसत नाही. केरळच्या वेंबनाड भागातल्या बोटवाल्यांनाही हीच अडचण आहे. थायलंडने लांब दांड्याची मोटर वापरून ती आपल्या रीतीने सोडवली. दांडा उचलला की पंखा पाण्याबाहेर येतो. आपल्याकडे उलटा गिअर टाकून वेढा सोडवणे आणि मोटर थंड करणाऱ्या पाण्याची बारीक धार बाहेर पडते आहे ना, यावर डोळा ठेवणे एवढे हाती आहे.

दुसरा धोका तंगुसाचा, म्हणजे जाळ्यांच्या नायलॉनच्या धाग्याचा. उजनीत चिलापीसाठी लावलेली जाळी वाऱ्याने सरकतात, तुटतात, तरंगत राहतात. तंगूस पंख्यामागे दांड्याभोवती इतका घट्ट बसतो, की बाहेरून दिसतही नाही, आणि तो तेलाचे सील कापतो. सील कापले की गिअरच्या तेलात पाणी शिरते. म्हणून पंखा काढला की दांडा स्वच्छ पुसून पाहावा आणि गिअरचे तेल थोडे बाहेर काढून पाहावे. ते दुधाळ झाले असेल, तर आधी सील बदलावे लागेल. नवा पंखा त्यानंतर. जुना पंखा का गेला ते न शोधता नवा बसवला, तर तोही त्याच वाटेने जातो.

तिसरा धोका तळाचा. कुकडीच्या पात्रात टाकळी हाजी आणि निघोजच्या मध्ये जे रांजणखळगे आहेत, ते पाहणाऱ्याला या नद्यांचा तळ कशाचा आहे हे वेगळे सांगावे लागत नाही. काळा बेसाल्ट वर आला, की ॲल्युमिनियमच्या पात्याचे काही चालत नाही. त्यात वाळूउपशाने पात्रात ठिकठिकाणी खोल खड्डे पाडले आहेत. महसूल खात्याने भीमेवर वाळूच्या यांत्रिक बोटी पकडून जिलेटिनने उडवल्याच्या बातम्या दौंड-शिरूरच्या वाचकाला नव्या नाहीत. या उपशाचा नावाड्यावर होणारा परिणाम मात्र कमी बोलला जातो: वीस फूट खोल पाण्यातून होडी अचानक दोन फुटांच्या खडकावर येते, आणि गेल्या वर्षीचा माहीत असलेला मार्ग यंदा तसा उरत नाही.

आणि उजनी तर वर्षभरात एक पाणी राहतच नाही. एकूण साठवण सुमारे ११७ टीएमसी, पैकी साधारण ६४ टीएमसी मृतसाठा. बातम्यांतली टक्केवारी वरच्या जिवंत साठ्यावर मोजतात, म्हणून पाऊस लांबलेल्या वर्षी उजनी ‘वजा’ पन्नासच्याही खाली गेल्याचे ऐकू येते. तेव्हा पळसदेवचे बुडालेले पळसनाथ मंदिर उघडे पडते, काठ दूर सरकतो आणि ऑक्टोबरात जिथे बांबू टेकत नव्हता तिथे मार्चमध्ये पंखा चिखल ढवळतो. रोहित पक्षी पाहण्याचा हंगाम नेमका याच उतरत्या पाण्याचा. म्हणजे होडीला सर्वांत जास्त काम आणि पंख्याला सर्वांत जास्त धोका, दोन्ही एकाच महिन्यांत येतात.

हे लक्षात घेतले की धातूचा निर्णय अवघड राहत नाही. स्टेनलेस स्टीलची पाती पातळ आणि ताठ असतात, वेगात वाकत नाहीत, आणि समुद्रावरच्या मोठ्या मोटरींना ती शोभतात. पण ताठ पाते खडकावर आदळले, तर धक्का पात्यात जिरत नाही. तो दांड्याकडे आणि गिअरकडे जातो. ॲल्युमिनियमचे पाते वाकते किंवा मोडते आणि गिअर वाचतो. उजनी, भीमा आणि घोडवरच्या लहान मोटरीला ॲल्युमिनियमच घ्यावे, असे ही पुस्तिका स्पष्टपणे सांगते. वाकलेले पाते आर्गन वेल्डिंगने भरून घेणारे कारागीर आहेत, पण तिन्ही पात्यांचा कोन आणि वजन सारखे झाले पाहिजे. हातोडीने अंदाजे सरळ केलेला पंखा थरथरतो आणि ती थरथर सीलवर आणि बेअरिंगवर उतरते. वेळप्रसंगी काठ गाठायला असा पंखा चालेल, हंगामभर चालवायला नाही.

पाती तीन की चार, हा प्रश्न विचारला जातो. चार पात्यांचा पंखा पाणी घट्ट धरतो, कमी थरथरतो आणि जड होडीला सुरुवातीची ओढ चांगली देतो. मात्र तोच व्यास आणि तीच पिच असेल, तर तो फेरे थोडे उतरवतो, म्हणून पिच एक इंचाने कमी घ्यावी लागते. शिवाय जलपर्णीत जास्त पाती म्हणजे जास्त गुंता. भिगवणच्या बाजूला तीन पात्यांचा, कमी पिचचा पंखा पहिली निवड. चिंचणीच्या उघड्या पाण्यावर भरपूर माणसे नेणाऱ्याने चारचा विचार करावा.

पंख्याच्या पोटात काय आहे तेही पाहिले पाहिजे. अगदी लहान मोटरींत पंखा आणि दांडा एका मऊ पिनने जोडलेले असतात. खडकाला धडक बसली की शिअर पिन तुटते आणि गिअर वाचतो. पिनेच्या जागी खिळा ठोकणाऱ्याने गिअरचे संरक्षणच काढून टाकलेले असते. मोठ्या मोटरींत पिनेऐवजी रबराचा हब असतो. तो झिजला की इंजिन फिरते, पंखा मागे राहतो. हबवर आणि पंख्यावर रंगाची एक सरळ रेघ ओढून ठेवली, तर फेरी झाल्यावर रेघ तुटलेली दिसते आणि हब घसरल्याचे कळते. असे असताना पाती धडधाकट असतील, तर नवा हब पुरेल. पंखा बदलायचे कारण नाही. पंखा बदलताना गिअर न्यूट्रलला, मोटर बंद करणारी सुरक्षा-दोरी काढलेली आणि स्पार्क प्लगची वायर सुटी असलीच पाहिजे. दांड्याला पाण्यात टिकणारे ग्रीस लावावे. कॉटर पिन दर वेळी नवी घालावी.

सुरक्षा-दोरीचा उल्लेख आला म्हणून एक गोष्ट जोर देऊन सांगितली पाहिजे. २१ मे २०२४ रोजी करमाळ्याच्या कुगावहून इंदापूरच्या कळाशीकडे निघालेली बोट उजनीत वादळी वाऱ्याने उलटली आणि सहा जणांचा जीव गेला. तिथे वारा होता. पंख्याचा संबंध जोडायचे कारण नाही. पण वळवाचा वारा या पाण्यावर किती झपाट्याने येतो हे त्या दिवसाने सगळ्यांना दाखवले. वाऱ्याविरुद्ध भरलेली होडी काठाला आणायची वेळ येते, तेव्हा हाताशी ओढ हवी, आणि ती कमी पिचच्या, बरोबर फेऱ्यांवर चालणाऱ्या पंख्यातूनच मिळते. प्रत्येकाच्या अंगात लाइफ जॅकेट, नावाड्याच्या मनगटाला सुरक्षा-दोरी आणि क्षमतेइतकीच माणसे, हे पंख्याच्या निवडीआधी येते. अंतर्देशीय जहाज अधिनियम २०२१ मध्ये आला, आणि राज्यात अशा बोटींची नोंदणी व तपासणी महाराष्ट्र सागरी मंडळाकडे आहे. नोंदणीच्या वेळी ठरलेली प्रवासीसंख्या पंख्याच्या चाचणीतही तशीच धरावी.

कमी पिचचा आणखी एक लाभ पक्ष्यांना होतो. मोटर सर्वांत हळू फिरत असताना कमी पिचची होडी सरपटल्यासारखी पुढे जाते; जास्त पिचची त्याच फेऱ्यांवर थव्याच्या अंगावर जाते, मग नावाड्याला गिअर सारखा घालावा-काढावा लागतो आणि प्रत्येक खटक्याने पक्षी दचकतात. जाणते नावाडी थवा दिसताच मोटर बंद करून बांबू हाती घेतात. तिथपर्यंत शांतपणे पोचण्याचे काम पंख्याचे आहे. वारंवार उडवलेला थवा दुसरीकडे चरायला जातो आणि त्याच्याबरोबर गावाचा हंगामही जातो.

पुढच्या प्रकरणांत मोटरीच्या ताकदीनुसार व्यास-पिचचे तक्ते, चाचणीची वही कशी ठेवावी आणि पंखा काढण्या-बसवण्याची कृती चित्रांसह दिली आहे. तक्ते सुरुवात करून देतील. शेवटचा आकडा प्रत्येक होडीला पाण्यातच मिळेल. त्यासाठी एक सूचना इथेच मांडायची आहे. एका नावाड्याने तीन-चार वेगवेगळ्या पिचचे पंखे विकत घेऊन प्रयोग करावेत ही अपेक्षा धरता येत नाही. पण एका गावात बहुतेक मोटरी दोन-तीन जातींच्याच असतात. गावातल्या मच्छीमार सहकारी संस्थेने किंवा नावाड्यांच्या गटाने प्रत्येक जातीसाठी दोन-तीन पिचचे चाचणीचे पंखे, एक टॅकोमीटर आणि एक वही ठेवली, तर पावसाळा सरल्यावर उजनी भरलेली असताना एका आठवड्यात सगळ्या होड्यांची चाचणी होईल. वहीत होडीची लांबी, माणसे, पंख्याचे आकडे, पूर्ण थ्रॉटलचे फेरे आणि दोन्ही दिशांचा वेग एवढेच लिहायचे. पाणी उतरल्यावर, मार्चमध्ये, तीच चाचणी पुन्हा घ्यावी. दोन हंगामांची अशी वही कुंभारगावात, डिकसळला किंवा शिरापूरला तयार झाली, तर या पुस्तिकेतल्या तक्त्यांच्या जागी ती छापता येईल.